वीज गेली तरी फरशी कोरडी: फिशटँकला संप कसा जोडावा

संप म्हटलं की सोसायटीच्या जमिनीखालची टाकी आठवते. फिशटँकचा संपही त्याच जातीचा: स्टँडच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे टाकीच्या वरच्या कडेजवळच्या भोकातून, आपोआप खाली उतरतं, गाळून निघतं आणि पंप ते रिटर्न पाइपमधून पुन्हा वर चढवतो. चार गप्पींसाठी हा खटाटोप नको, साधा स्पंज फिल्टर पुरतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश अशी खादाड मंडळी असतील, तर मात्र करून बघा.

आधी हिशेब. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. वीज गेली की पंप थांबतो, पण ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंतचं पाणी खाली येतच राहतं, आणि रिटर्न पाइप तर उलटा ओढायला लागतो. या टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. दोन इंच उतरलं तर २८, शिवाय पाइपमधलं वेगळं. तेवढी जागा संपात रिकामी हवीच. माझा संप २.५ × १ × १.२५ फुटांचा आहे. चालू असताना पाणी ८ इंचांवर ठेवतो, म्हणजे संपात आणखी ४० लिटर मावतात.

हे शहाणपण उशिरा आलं. पहिल्या खेपेला रिटर्नचं तोंड हौसेनं पार खाली नेलं होतं. रात्री वीज गेली आणि सकाळी हॉलमध्ये पाय पडला तो पाण्यातच. म्हणून तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ठेवा आणि पाइपला पातळीलगतच एक बारीक भोक पाडा. तिथून हवा शिरली की ओढ तुटते. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त नको. शेवाळ किंवा गोगलगाय अडकली की तो नीट मिटत नाही.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोक पाडायचं तर टाकी रिकामी असतानाच, जाणत्या कारागिराकडून. टफन्ड काचेच्या वाटेला जाऊ नका, तिचा चुरा होतो.

संपात काचेच्या पट्ट्या सिलिकॉननं चिकटवून तीन कप्पे करा. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या आणि पुरतं वाळू द्या. पहिल्या कप्प्यात स्पंज आणि फिल्टर वूल, दुसऱ्यात सिरॅमिक रिंग, तिसऱ्यात पंप. क्रम बदलला तर रिंगा गाळानं बुजतात.

टाकीतलं पाणी तासाला पाचेक वेळा फिरावं, म्हणजे सुमारे १२७५ लिटर. पण चार फूट चढताना पंपाचा जोर बराच ओसरतो, म्हणून खोक्यावर २००० ते २५०० लिटर लिहिलेला घ्या.

मासे सोडण्याआधी प्लग तीन-चार वेळा काढून बघा. संप काठाच्या खाली राहिला, तर चालू स्थितीतल्या पातळीवर मार्करनं रेघ मारा. उलटही तपासा: ओव्हरफ्लो हातानं बुजवा. वरची टाकी सांडण्याआधी पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपायला हवं.

रिंगांवर माशांची घाण पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जुना फिल्टर बंद करू नका. फिल्टर वूल दर आठवड्याला धुवा किंवा बदला. रिंगा मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हातानं खळबळा, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंना मारतं. वाफेमुळे घटणारी पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. मे महिन्यात ती रोज बघा आणि क्लोरीन काढलेलं पाणी रेघेपर्यंतच भरा.