शालेय मुलांसाठी संगणक स्पर्धा भरवताना : विषय, वेळ आणि परीक्षण

सांगली जिल्ह्यातील शाळांसाठी स्क्रॅच या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या संगणकीय साधनावर आधारित स्पर्धा भरवण्याच्या कामात मी गेली काही वर्षे आहे. जत, कवठेमहांकाळ, पलूस या भागांतील तरुण शिक्षक आपल्याही तालुक्यात असा उपक्रम करावा म्हणून चौकशी करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा संगणक किती लागतील हा असतो. माझ्या मते त्याआधी स्पर्धेचा विषय ठरवावा, कारण मूल स्वतःचे काही रचणार की पाठ केलेले पडद्यावर उतरवणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

‘पर्यावरण वाचवा’ असा विषय दिला की प्रत्येक संगणकावर एक झाड, एक कुऱ्हाड आणि एक घोषवाक्य दिसू लागते. त्याऐवजी ‘आमच्या भागातले पाणी’ असा विषय दिला, तेव्हा सांगलीवाडीच्या एका सहावीतल्या मुलाने आयर्विन पुलाजवळची कृष्णा नदीची पातळी दाखवणारा प्रकल्प केला. 2019 चा महापूर त्याच्या घरात शिरला होता, त्यामुळे 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे आकडे त्याला कुणी सांगावे लागले नाहीत. अडचण निराळीच होती. स्क्रॅचच्या रंगमंचाची, म्हणजे पडद्यावर पात्रे दिसतात त्या चौकटीची, उंची 360 एकक असते. त्यावर 20 ते 60 फूट दाखवायचे, तर एका फुटाला 9 एकके येतात, हे त्याने वहीत मांडून काढले, पातळीसाठी एक चल, म्हणजे बदलता आकडा साठवणारी जागा, तयार केले आणि 45 फूट ओलांडताच आजीचे पात्र ‘धान्य माळ्यावर टाका’ म्हणेल अशी अट घातली. भागाकार, चल आणि अट हे तिन्ही त्याला शिकवलेले होतेच, पण त्यांची गरज त्याला या प्रकल्पात प्रथमच पडली.

साधन म्हणून स्क्रॅच निवडण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. एमआयटी मीडिया लॅबने 2007 मध्ये खुले केलेले हे साधन विनामूल्य असून प्रामुख्याने 8 ते 16 वयोगटासाठी आहे. आज्ञांचे ब्लॉक एकमेकांत बसवायचे असल्याने टंकलेखनाच्या चुकांत मुलांचा वेळ जात नाही, आणि ते एकदा संगणकावर बसवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. विजेचा भरवसा नसेल तर दर दहा मिनिटांनी फाइल जतन करण्याची सूचना मोठ्याने द्यावी. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

कल्पना कागदावर मांडण्यासाठी पंधरा दिवस आणि प्रत्यक्ष बांधणीसाठी संगणक कक्षात तीन तास, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. एका संगणकावर दोन मुले बसवण्यास हरकत नाही, मात्र माउस अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या हाती जाईल असा नियम करावा. नाहीतर घरी संगणक असलेले मूल तो सोडत नाही आणि दुसरे केवळ प्रेक्षक उरते.

खरी कसोटी परीक्षकांची असते. खासगी क्लासमधून सराव करून आलेल्या मुलांचे प्रकल्प देखणे असतात आणि अनोळखी परीक्षक त्यांना हमखास भुलतो. म्हणून प्रत्येक जोडीशी पाच मिनिटे बोलणे आणि ‘पाऊस दुप्पट झाला तर काय बदलाल?’ असा एखादा बदल तिथेच करून दाखवायला सांगणे मी अनिवार्य मानतो; निम्मे गुण या संवादासाठी राखावेत. दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन त्यात भर घालण्यास मनाई करू नये. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेला प्रकल्प कुणालाही घेऊन बदलता येतो, आणि मूळ रचनाकाराला श्रेय देणे ही त्याची अट आहे. तीच अट स्पर्धेतही ठेवावी आणि गुण केवळ नव्या भागाला द्यावेत.

बक्षिसाच्या रकमेवरून समितीत फार वेळ जातो, तेवढी तिची किंमत नसते. त्यातला थोडा निधी पेनड्राइव्हसाठी वळवून प्रत्येक शाळेला तिच्या मुलांच्या सर्व फाइली परत द्याव्यात, सोबत परीक्षकांचा दोन ओळींचा अभिप्राय द्यावा, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष तासभर उघडा ठेवण्याची लेखी संमती मुख्याध्यापकांकडून नोंदणीच्या वेळीच घ्यावी. निकाल लागल्यानंतर ती मिळवणे फार अवघड जाते.