रोजची गाडी + स्पोर्ट्स कार घरात ठेवताय? मग या चुका टाळा

स्पोर्ट्स कार घरी आली की हाल सुरू होतात ते रोजच्या गाडीचे. हे इतक्यांकडे बघितलंय की आता कुणी पोर्शे बॉक्सस्टर किंवा फोर्ड मस्टँग घेतली म्हणून पेढे घेऊन आला की मी आधी त्याच्या वॅगनआरचे टायर बघतो. बहुतेक वेळा झिजून गोटा झालेले असतात. सर्व्हिसिंग लांबलेलं, वायपरचं रबर फाटलेलं, आणि विचारलं तर "पळतीये ना, बास". मग ऐन जुलैत एका सकाळी ती पळत नाही, ऑफिसला तर जायचंय, म्हणून निघते बॉक्सस्टर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, रस्त्यावर पाणी, पाण्याखाली खड्डा किती खोल ते दिसत नाही, आणि चाकाचा अलॉय वाकतो. त्या एका अलॉयच्या पैशात वॅगनआरला चारही टायर नवे आले असते.

म्हणून माझ्याकडे पैसा आधी रोजच्या गाडीवर खर्च होतो. तिचं सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी झालं की मग दुसरीचं. रोजची गाडी ठणठणीत असेल तरच स्पोर्ट्स कारला कधी निघायचं आणि कधी नाही हे तुम्ही ठरवू शकता, नाहीतर ते पाऊस आणि ऑफिस ठरवतं. काही जण तर रोजची गाडी विकून ते पैसे हौसेच्या गाडीत घालतात, "कॅब आहेत की" म्हणून. नका करू. आणि रोजची पण "जरा मजेदार" पाहिजे म्हणून कडक सस्पेन्शन, पातळ टायरवाली गाडी घेऊ नका, मग आजीला दवाखान्यात न्यायला आणि गणपती घरी आणायला एकही धड गाडी राहत नाही. रोजची गाडी कंटाळवाणीच असावी, हे माझं ठाम मत आहे.

आता बॅटरी. यावर जास्त बोलणार आहे कारण दर पावसाळ्यानंतर मला हाच फोन येतो.

माझ्या एका मित्राने सेकंडहँड बॉक्सस्टर घेतली, ९८१ मॉडेल. जूनमध्ये बेसमेंटला लावली, वर कव्हर घातलं, आणि थेट दसऱ्याला पूजेसाठी कव्हर काढलं. घरचे सगळे झेंडूचा हार आणि आरतीचं ताट घेऊन उभे, आणि गाडी पूर्ण मेलेली. रिमोट चालेना, शेवटी चावीने दार उघडलं. पुढची अडचण अशी की या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं, बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडतं इलेक्ट्रिक बटणावर. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत जायचा रस्ताच बंद. आता मित्राला धीर नाही, मुहूर्त टळतोय, त्याने कोपऱ्यावरचा बॅटरीवाला बोलावला आणि त्याने बॉनेटच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला सुरुवात केली. मी पोचेपर्यंत कडेचा रंग गेला होता आणि पत्र्याला बाक आला होता.

खरं तर याची सोय कंपनीने करून ठेवलीये. पायाजवळ फ्यूज बॉक्स आहे, त्यात एक पॉझिटिव्ह टर्मिनल बाहेर ओढून घेता येतं. दुसऱ्या बॅटरीची प्लसची केबल त्याला लावायची, मायनसची दाराच्या लॉकचा जो धातूचा हूक असतो त्याला. अलार्म कोकलायला लागतो, तो चावीच्या बटणाने बंद करायचा, आणि मग बॉनेटचं बटण दाबायचं. खट्ट आवाज होऊन उघडतं. वॅगनआरच्याच बॅटरीने केलं आम्ही. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, आणि ते मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेलंच नव्हतं.

बॉनेट उघडायच्या आधी बॅटरीवाला म्हणत होता, "इथूनच सेल्फ मारू की". अजिबात नाही! ती वायर फक्त लॉक उघडण्यापुरती आहे, स्टार्टरचा करंट तिच्यातून ओढला तर वायरिंग जळेल. जंप स्टार्ट (म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन सुरू करणं) करायचाच तर बॉनेट उघडून जिथे करायचा तिथेच करा. मित्राची गाडी तशी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो देवळात जाऊन आला आणि परत निघताना गाडी पुन्हा बंद. टोचन करून आणायची पाळी आली. महिनोन्महिने उतरून पडलेली बॅटरी आतून खराब होते, एका जंपने ती बरी होत नाही.

हिशोब सोपा आहे. लॉक करून ठेवलेली गाडी अलार्म, रिमोट वगैरेसाठी थोडा करंट घेतच असते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६, म्हणजे ७० अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात अर्धी. म्हणून मी मल्टीमीटर जवळच ठेवतो, उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली आकडा आला की चार्जर लावतो. बॅटरी मेन्टेनर म्हणून जो छोटा चार्जर मिळतो तो कायम लावून ठेवता येतो. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये प्लग नसेल तर कमिटीशी बोलून सबमीटर घ्या, महिनाभर चकरा माराव्या लागतात पण होतं. "त्यापेक्षा मायनसची वायरच काढून ठेवतो" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अशा गाडीत वायर काढून बॉनेट दाबून बंद केलंत की पुन्हा तोच तमाशा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे "दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" वाले. यांना वाटतं गाडीची काळजी घेतली. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये सेल्फने घेतलेला करंटसुद्धा नीट भरून निघत नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि गरम न झाल्यामुळे तिथेच राहतं. एकतर गाडी नीट चालवून आणा, नाहीतर चार्जरवर ठेवा आणि हातच लावू नका. मी रविवारी उजाडायच्या आत निघतो, पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीपर्यंत आणि परत. इंजिनच्या पाण्याच्या टेम्परेचरचा काटा लवकर वर येतो, ऑइल मागून गरम होतं, म्हणून ऑइलचं टेम्परेचर ८०-९० डिग्रीच्या घरात येईपर्यंत मी गाडी ताणत नाही. नवीन लोक सोसायटीच्या गेटबाहेरच रेस मारतात, ते बघवत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूतच असणार, रबर मात्र वयाने कडक होतं आणि पहिल्या पावसात गाडीचा मागचा भाग घसरतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की मी बदलतो, नक्षी कितीही असो.

गाडी धुऊन लगेच हँडब्रेक ओढून आठवडाभर लावू नका, पॅड चिकटतात. आधी एक चक्कर मारून ब्रेक सुकवा.

प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात नको, आत दमट राहतं. हवा खेळणारं घ्या.

उंदरांसाठी तंबाखू, डांबर गोळ्या सगळे सांगतात, पण गाडी हलती ठेवणं आणि आठवड्याला बॉनेट उघडून टॉर्च मारणं याच्याइतकं काही उपयोगी नाही.

सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छत असेल तर छताच्या कडेचे पाणी जायचे मार्ग पावसाआधी साफ करून घ्या. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर नक्कीच, ती बारीक पानं अडकली की पाणी सरळ गाडीत.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. "चाललीच कुठे एवढी" हे कारण चालत नाही, ते उभ्या उभ्या हवेतलं पाणी शोषतं.

इन्शुरन्स दोन्हींचा वेगवेगळ्या तारखेला येतो आणि कमी चालणाऱ्या गाडीचा हमखास विसरला जातो. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गेला, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. दोन्हींच्या तारखा आणि पीयूसी मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहितो, मोबाईलचे रिमाइंडर लोक न वाचता पुसतात.

स्पीड ब्रेकरबद्दल एवढंच. नियमाप्रमाणे गोलाकार ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, तसा असेल तर लो गाडीसुद्धा हळूहळू जाते. पण गल्लीत डांबराचा ढीग टाकून केलेले असतात त्यांना नियम माहीत नाही. तिथे तिरकी घ्या, एकेक चाक चढवा, मागचा हॉर्न वाजवू दे. आणि गाडी घ्यायच्या आधीच विकणाऱ्याला सांगून ती तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून एकदा उतरवून बघा. हे कुणी करत नाही, आणि टोकन दिल्यावर मला विचारतात पुढचा बंपर घासतोय काय करू.

पंक्चर: बॉक्सस्टरमध्ये स्टेपनी नसते, सीलंटची बाटली आणि कंप्रेसर असतो, त्या बाटलीला एक्स्पायरी असते ती बघा. वॅगनआरमध्ये स्टेपनी असते, पण तिच्यात हवा आहे का हे शेवटचं कधी बघितलंत? आज संध्याकाळी बघून घ्या.