हप्ते फेडायचे तर आधी वर्षाचा हिशेब मांडा

घरातली कर्जं फेडायची ठरली की पहिली कुऱ्हाड चहावर, रिक्षावर आणि रविवारच्या मिसळीवर पडते. हे खर्च रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून. पण क्रेडिट कार्डावरची बाकी चढते ती जूनमध्ये शाळेची फी भरताना, मिळकतकराची (घरपट्टीची) मुदत संपत आली की, आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला की, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या साधारण दोन महिन्यांत. महिन्याच्या अंदाजपत्रकात या खर्चांना जागाच नसते. त्यामुळे दहा महिने काटकसर करून जे साठतं, ते दोन महिन्यांत कार्डावर परत चढतं. इथे दिलेली पद्धत या खर्चांपासून सुरू होते.

कर्जांची यादी

वहीत प्रत्येक कर्जाला एक ओळ द्या. रकाने असे: आजची बाकी, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख, उरलेले महिने, मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क. बाकी आठवणीवर लिहू नका, बँकेच्या ॲपमधून कर्जाचा उतारा काढा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तोही काढा, विसरलेलं एखादं कार्ड किंवा मोबाइलचा हप्ता त्यात सापडतो. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा.

काही देणी अहवालात दिसत नाहीत: वाण्याची उधारी, आधीच उचललेल्या भिशीचे उरलेले हप्ते, नातेवाइकांकडून घेतलेले पैसे, सराफाकडे ठेवलेली पाटली. पती-पत्नीने समोरासमोर बसून यादी करावी. एकाने लपवलेलं कर्ज तिसऱ्या महिन्यात सगळा हिशेब मोडतं.

दराच्या रकान्यात घोटाळा सर्वांत जास्त होतो, कारण प्रत्येक जण दर वेगळ्या भाषेत सांगतो. ‘शेकडा दोन’ म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला २४ टक्के. ‘फ्लॅट १२ टक्के’ ऐकायला स्वस्त वाटतं. पण १ लाख रुपये ३ वर्षांसाठी फ्लॅट १२ टक्क्यांनी घेतले तर व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८ रुपये होतो. घटत्या शिलकेवर तोच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो, कारण फेडलेल्या मुद्दलावरही तुम्ही शेवटपर्यंत व्याज भरत असता. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या वैयक्तिक, वाहन, गृह अशा मुदतकर्जांसोबत बँकेला किंवा वित्तसंस्थेला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता) द्यावं लागतं. त्यातला एपीआर म्हणजे शुल्कं धरून पडणारा वार्षिक दर. रकान्यात तो लिहा.

कार्डाची बाकी आधी हलवा

समजा कार्डावर ८०,००० बाकी आहे आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. व्याज २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, मिळून ३,३०४ रुपये. किमान रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही ४,००० भरता आणि मुद्दल फिटतं ६९६ रुपये. दरमहा ठरवून ४,००० भरत राहिलात, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी बाकी संपायला ४४ महिने लागतात. शिवाय बाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदत जाते. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा कार्डावर घेऊन ‘पॉइंट’ मिळवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

हीच ८०,००० ची बाकी १२ टक्क्यांच्या कर्जावर नेली तर २४ हप्ते येतात, प्रत्येकी ३,७६६ रुपयांचे. म्हणजे कार्डाच्या किमान रकमेपेक्षाही कमी भरून जवळपास निम्म्या वेळात मोकळे.

असं कर्ज कुठे मिळेल हे या क्रमाने पाहा. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची सहकारी पतसंस्था असेल तर पहिली चौकशी तिथे करा. हप्ता पगारातून कापला जातो, त्यामुळे चुकत नाही. दोन जामीनदार लागतात आणि मंजूर रकमेतून काही पैसे शेअर्सपोटी कापले जातात, ते धरून अर्ज करा. मग जुन्या विमा पॉलिसीवरचं कर्ज. मग बँकेतलं सोनेतारण. ते व्याज दरमहा भरत राहणार असाल तरच घ्या, वर्षभर साचू दिलंत तर दागिना लिलावात जाण्याची वेळ येते. आणि ७ टक्क्यांची एफडी तशीच ठेवून ४२ टक्क्यांचं कार्ड फेडत बसला असाल, तर एफडी मोडा. दोन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम मात्र बाजूला राहू द्या.

कर्ज मिळालं की त्याच दिवशी कार्डाची बाकी शून्य करा आणि कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. नुसतं कपाटात ठेवून भागत नाही. या सगळ्या मार्गाला भगदाड पडतं ते इथेच: मोकळं झालेलं कार्ड दिवाळीत परत भरतं आणि घरात एकाऐवजी दोन कर्जं होतात.

वर्षाचे खर्च बारा महिन्यांत

एक नमुना घेऊ. पुण्यात स्वतःचा छोटा फ्लॅट, चौघांचं कुटुंब. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च असे:

मिळकतकर ९,०००
आरोग्यविमा २४,०००
दुचाकीचा विमा ३,०००
जूनमधली फी, वह्या-पुस्तकं, गणवेश २८,०००
गणपती-दिवाळी २२,०००
लग्नं, आहेर, गावी जाणं १८,०००
सर्विसिंग, टायर ६,०००
औषधपाणी १०,०००

बेरीज १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००.

आता महिना पाहा. हातात पगार ६८,०००. हप्ते: गृहकर्ज १९,५००, दुचाकी ३,२००, वैयक्तिक कर्ज ५,६००, कार्ड ४,०००, एकूण ३२,३००. सोसायटीचा मेंटेनन्स २,५००. वाणसामान ७,५००, भाजी-फळं ३,५००, दूध २,७००, गॅस ९००, वीज १,३००, मोबाइल-इंटरनेट १,४००, पेट्रोल ३,०००, शिकवणी २,५००; एकूण २२,८००. हातखर्च ३,४००. उरले ७,०००.

महिन्याच्या हिशेबात हे घर शिलकीत दिसतं. वर्षाला लागतात मात्र १ लाख २० हजार आणि उरतात ८४ हजार. कमी पडणारे ३६,००० कार्डावर जातात. कार्ड का फिटत नाही याचं उत्तर या वजाबाकीत असतं, आणि चहाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

म्हणून पगार जमा झाला की त्याच दिवशी ही १०,००० रुपयांची रक्कम दुसऱ्या बचत खात्यात वळवा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड घरात ठेवा. सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करत असाल तर जूनपर्यंत पुरेसं साठणार नाही. पहिल्या वर्षी फी दोन टप्प्यांत भरता येते का, ते शाळेत आधीच विचारा.

मिळकतकराचं बिल तपासून घ्या. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते. ती बिलात दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. मुदतीत पूर्ण कर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात आणखी सूट मिळते, आणि थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. हे पैसे वेगळ्या खात्यात तयार असण्याचा फायदा असा रोख मिळतो.

तीन हजार कुठून आणायचे

वरच्या नमुन्यात महिन्याला किमान ३,००० ची फट बुजवायची आहे.

वाणसामानात हजार रुपये निघतात, पण यादी करून महिन्यातून एकदाच आणलं तर. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स फोनवरून काढून टाका. त्यांच्यामुळे भावापेक्षाही खरेदीची संख्या जास्त वाढते. चौघांना महिन्याला साधारण १२ किलो गहू लागतो. वर्षाचा गहू उन्हाळ्यात एकदम भरायची पद्धत चांगली, पण कर्ज असताना दीडशे किलो उधारीवर किंवा कार्डावर भरू नका. ५० किलोचं पोतं चार महिने जातं. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून आणलं तर टेम्पोचं भाडंही वाटलं जातं. पावसाआधी ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की कोठीत दमटपणा धरतो, श्रावणापर्यंत सोंडे होतात आणि वाचवलेले पैसे निवडण्यात आणि फेकण्यात जातात.

भाजीत ६०० रुपये: आठवड्यातून दोनदाच, फुले मंडईत किंवा जवळच्या आठवडे बाजारात. संध्याकाळी उशिरा पालेभाजीचा भाव उतरतो, पण ती त्याच रात्री निवडून ठेवणार असाल तरच घ्या. जूनच्या अखेरीपासून पालेभाज्या महागतात आणि लवकर सडतात. त्या दिवसांत मटकी, मूग, वाटाणा भिजवणं परवडतं.

पेट्रोलमध्ये हजार: रोज ठरावीक मार्गावर जाणाऱ्या एकाने पीएमपीएमएल बसचा मासिक पास काढायचा, दुचाकी दुसऱ्याकडे. आधी आकडेमोड करा. पासची किंमत भागिले एका दिवसाचं जाण्या-येण्याचं भाडं, इतके दिवस तरी बसने जाणं झालं पाहिजे. महिन्यात १५-१६ दिवसच ऑफिसला जावं लागत असेल तर पास बहुधा अंगावर पडतो.

मोबाइल-इंटरनेटमध्ये ५००: घरात वायफाय असताना चौघांनाही रोजचा दोन जीबी डेटा लागत नाही. विजेत फार निघत नाही, पण महावितरणचे टप्पे माहीत असावेत: १०० युनिटांपुढचं आणि ३०० युनिटांपुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. सोसायटीच्या गच्चीवर गरम पाण्याचा सोलर असेल तर आंघोळी सकाळी लवकर उरका.

सणांचे २२,००० वरून १६,००० आणि आहेर-प्रवासाचे १८,००० वरून १२,००० केले तर वर्षाला १२,०००, महिन्याला हजार. ही कपात सर्वांत अवघड, कारण तिथे चारचौघांत मान राखायचा असतो. आहेराची रक्कम नात्यानुसार वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून वहीत लिहा. पाकीट भरताना वाद नको.

एकूण ४,१०० झाले. फट बुजून १,१०० उरतात, कार्ड हलवल्याने आणखी २३४. म्हणजे जेमतेम १,३०० रुपये जादा परतफेडीला. खरे आकडे असेच असतात. दोन वर्षांत सगळं कर्ज संपवून देणारे तक्ते बहुधा वर्षाचे खर्च विसरलेले असतात.

हे १,३०० सर्वांत महागड्या कर्जात टाका. एखाद्या लहान कर्जाचे तीन-चारच हप्ते उरले असतील तर आधी ते संपवायला हरकत नाही. दुचाकीचं कर्ज फिटलं की तिचे ३,२०० त्याच महिन्यापासून वैयक्तिक कर्जाकडे वळवा, ते घरखर्चात विरघळू देऊ नका. वैयक्तिक कर्ज स्थिर दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्यावर शुल्क आणि त्यावर जीएसटी लागू शकतो, करार वाचा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असं शुल्क नसतं, पण ते सर्वांत स्वस्त कर्ज, म्हणून रांगेत शेवटी. बोनस आला तर निम्मा इकडे, निम्मा वर्षाच्या खात्यात.

कुठे बिघडतं

पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, हे नेहमीचं. हप्ता परत गेला की तुमची बँकही शुल्क लावते आणि कर्ज देणाराही. तारीख बदलून मिळते, अर्ज करा. नाहीच मिळाली तर एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम ठेवा.

‘नो कॉस्ट’ हप्त्यावर प्रक्रिया शुल्क असतं आणि व्याजाच्या भागावर जीएसटी. ती खरेदी या काळात बंद.

भिशीत असाल तर हप्ता कर्जाच्या यादीत धरा. लिलावाच्या भिशीत घाईने मोठी सूट सोडून रक्कम उचलू नका, सोडलेल्या त्या रकमेचा वार्षिक दर काढला तर कधीकधी कार्डही स्वस्त वाटतं. शेकडा पाचने देणारा खासगी सावकार म्हणजे वर्षाला ६० टक्के. परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणाऱ्या कर्जाच्या ॲपला हातच लावू नका.

हप्ते थकलेच तर वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची मुभा नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचा अर्ज थकण्याआधी द्या, नंतर ऐकून घेतलं जात नाही. ‘सेटलमेंट’ला सहज हो म्हणू नका. रक्कम कमी भरावी लागते, पण पत अहवालात ‘सेटल्ड’ शेरा राहतो आणि पुढचं गृहकर्ज त्यावर अडतं.

कर्ज फिटलं की थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. दुचाकीच्या आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे अर्ज करावा लागतो. गृहकर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. दोन-तीन महिन्यांनी पत अहवाल पुन्हा पाहा. कर्ज तरीही चालू दिसत असेल तर दाखला जोडून तक्रार टाका. ती ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.