एआरडीएसचा चार्ट समोर आला की आधी काय बघायचं

आमच्या टीमला यंदा नवीन पोरं आलीयत, डिचोली, फोंडा, पेडणे अशी सगळीकडची, कोण बी.एस्सी. केलेलं तर कोण नर्सिंग सोडून आलेलं. रात्रपाळी, मेडिकल कोडिंगचं काम, म्हणजे अमेरिकेच्या हॉस्पिटलांचे चार्ट (पेशंटची कागदपत्रं) वाचून प्रत्येक आजाराला बिलासाठी ठरलेला कोड लावायचा. आणि सगळी येऊन अडतात ती एआरडीएसवर, म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोमवर, फुफ्फुसं झपाट्यानं भरून ऑक्सिजन घटतो तो गंभीर आजार. दर वेळी तेच तेच बोलून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतेय, चवथीला घरी असेन तेव्हा कोणी फोन करू नका.

पहिलं म्हणजे शब्द नीट वाचा. डॉक्टरनी 'अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस' एवढंच लिहिलं असेल तर ते नुसतं लक्षण आहे, कोड आर ०६.०३. पुढे 'सिंड्रोम' असेल तर जे ८०, आणि तो एमसीसी (मेजर कॉम्प्लिकेशन, मोठी गुंतागुंत) आहे, म्हणजे एका शब्दावर अख्ख्या केसचं वजन बदलतं. घाईघाईत डॉक्टर सिंड्रोम गाळतात आणि आपण मनातल्या मनात तो जोडून वाचतो, तिथेच घोटाळा. आणि बाळ नवजात असेल तर जे ८० चा विषयच नाही, तिथे पी २२.०.

आता आजार काय आहे ते थोडं कळायलाच हवं, नाहीतर चार्टमध्ये काय शोधायचं ते कळणार नाही. इथे पावसाळ्यात शेताच्या चिखलात उतरलेला माणूस ताप, कावीळ घेऊन बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, पोचतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघतो, आणि दोन दिवसात दोन्ही फुफ्फुसं भरतात, हृदय मात्र ठीक असतं. हे चित्र डोक्यात ठेवा. अमेरिकेच्या चार्टमध्ये लेप्टोच्या जागी बहुतेक वेळा न्यूमोनिया, सेप्सिस, उलटी फुफ्फुसात गेलेली, पँक्रिअटायटिस (स्वादुपिंडाची सूज) असं काहीतरी असतं, बाकी गोष्ट तीच.

२०१२ ची बर्लिन डेफिनिशन, म्हणजे एआरडीएस कशाला म्हणायचं त्याचे निकष, पाठ करा. मूळ त्रास सुरू झाल्यापासून एका आठवड्याच्या आत, एक्स-रे किंवा सीटीत दोन्ही बाजूंना पांढरं, ते नुसत्या हार्ट फेल्युअरनं किंवा जास्त सलाईननं झालेलं नाही, आणि पी-एफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ३०० किंवा कमी, तोही पीप (श्वास सोडल्यावर मशीननं फुफ्फुसात राखलेला दाब) निदान ५ असताना. २०० च्या वर माइल्ड, १०० च्या वर ते २०० मॉडरेट, १०० आणि खाली सिव्हियर. नवीन ग्लोबल डेफिनिशनमध्ये ३० लिटर किंवा जास्त हाय-फ्लो ऑक्सिजनवरचा पेशंटही धरतात, त्यामुळे व्हेंटिलेटर नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका.

पी-एफ काढताना एफआयओटू, म्हणजे हवेतला ऑक्सिजनचा तो वाटा, दशांशात घ्यायचा हं. एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) पीएओटू (रक्तातला ऑक्सिजन) ७० आणि मशीन ६० टक्क्यांवर, तर ७० भागिले ०.६, म्हणजे साधारण ११७, मॉडरेट. गेल्या महिन्यात एकानं ६० नं भागून १.१७ काढलं आणि 'ताई पेशंट जिवंत कसा' म्हणून विचारत आला. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची.

पण, आणि हे मी दहा वेळा सांगेन, हे आकडे बघून जे ८० आपण टाकायचा नाही. निदान डॉक्टरचं. आकडे जुळतायत आणि शब्द नाही, तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, पाठवायची. क्वेरीत 'कृपया एआरडीएस लिहा' असं चालत नाही, ते डॉक्टरच्या तोंडात शब्द घालणं झालं. चार्टमध्ये जे आहे ते मांडायचं: अमुक दिवशी पी-एफ ११७, पीप ८, दोन्ही बाजूंना ओपॅसिटी (पांढरं), एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा पंप नॉर्मल, पेशंटला पालथं झोपवलं. मग विचारायचं, या श्वसनाच्या स्थितीचं निदान काय? खाली पर्याय द्यायचे, एआरडीएस, हायपॉक्सियासकट (ऑक्सिजन कमी पडून) अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर, हृदयामुळे झालेला पल्मनरी एडिमा (फुफ्फुसात पाणी), इतर काही, सांगता येत नाही. पैशाचा उल्लेख चुकूनसुद्धा नको.

उलटी बाजूही आहे, आणि तिथे मी स्वतः आपटलेय. सुरुवातीच्या वर्षात एक चार्ट होता, रात्रीच्या ड्युटी डॉक्टरनी एकदाच एआरडीएस लिहिलेलं, पेशंटचं हृदय आधीच कमजोर, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिलं आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रे साफ, डिस्चार्ज समरीत त्या शब्दाचा पत्ता नाही. मी खुशाल जे ८० टाकला. क्लेम परत आला, वर ऑडिटमध्ये माझं नाव. बरं, म्हणून स्वतःच्या मनानं कोड उडवायचा असंही नाही, डॉक्टरनी लिहिलंय तर खोडणारे आपण कोण. अशा वेळी अटेंडिंग (पेशंटच्या मुख्य) डॉक्टरला क्वेरी, हे निदान कायम आहे का आणि असेल तर कशाच्या आधारावर. हं, शेवटच्या समरीत 'प्रोबेबल एआरडीएस' असेल आणि केस इनपेशंट असेल तर पक्कं असल्यासारखा कोड करता येतो, ओपीडीत नाही.

जे ८० आला की जे ९६.०१ (हायपॉक्सियासकट अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर) सोबत लावू नका. जे ९६ खाली एक्सक्लूड्स वन (हे कोड एकत्र लावायचे नाहीत ही यादी) मध्ये जे ८० स्पष्ट लिहिलाय. आधी रेस्पिरेटरी फेल्युअर होतं, मग वाढून एआरडीएस झालं, तरी त्याच आजारासाठी एकटा जे ८०.

क्रम कसा लावायचा? कोविडमुळे असेल तर यू ०७.१ आधी, मग जे ८०. सेप्सिस दाखल होतानाच असेल तर सेप्सिसचा कोड पहिला, म्हणजे जंतू कळला नसेल तर ए ४१.९, आणि डॉक्टरनी एआरडीएस सेप्सिसशी जोडलं असेल तर आर ६५.२० (सिव्हियर सेप्सिस), शॉक असेल तर आर ६५.२१, मग जे ८०. बाकी केसेसमध्ये पेशंट नक्की कशासाठी दाखल झाला ते बघून ठरतं, त्याला शॉर्टकट नाही. पीओए, म्हणजे दाखल होतानाच आजार होता का ती खूण (वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही), विसरू नका, न्यूमोनिया घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी एआरडीएस झालं तर न्यूमोनियाला वाय, जे ८० ला एन. तारीख धूसर असेल तर परत क्वेरी.

राहिला व्हेंटिलेटर. २४ तासांच्या आत ५ए१९३५झेड, २४ ते ९६ ला ५ए१९४५झेड, ९६ च्या वर सलग गेला तर ५ए१९५५झेड. दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. सोमवारी दुपारी ४ ला नळी घातली आणि शुक्रवारी दुपारी २ ला काढली तर ९४ तास होतात, 'पाच दिवस होता ना' म्हणून मोठा कोड टाकला की गेलात. दुसऱ्या हॉस्पिटलातून नळीसकट आला असेल तर आपल्या हॉस्पिटलात पोचल्यापासून मोजा. वीनिंगचा (हळूहळू मशीन सोडवण्याचा) वेळ धरायचा, मास्कवाला बायपॅप यात धरायचा नाही. आणि नळी काढल्याची नेमकी वेळ डॉक्टरच्या नोटमध्ये शोधत बसू नका, तिथे नुसतं 'सकाळी एक्स्ट्युबेट केलं' असतं, मिनिटासकट वेळ सापडते ती रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या फ्लोशीटमध्ये.