परड्यात कोणते टोमॅटो लावावेत? बेळगाव-खानापूरपासून अथणीपर्यंतच्या घरांसाठी वाणांची निवड

बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक घराला चालेल असा टोमॅटोचा एकच वाण सांगता येत नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा पाऊस कोसळत असतो आणि माती तांबडी, आम्लधर्मी असते. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे पाऊस त्या मानाने फारच थोडा, जमीन बहुतांशी काळी आणि एप्रिल-मेचे ऊन कडक. म्हणून निवडीला सुरुवात करताना फळाच्या चवीआधी आपले परडे पाहावे. चव महत्त्वाची आहेच, परंतु जे झाड फळावर येण्याआधीच वाळून जाते त्याच्या चवीचा विचार करून काही उपयोग नाही.

पहिले काम : हंगाम ठरवणे

रात्रीचे तापमान साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअस असताना टोमॅटोची फळधारणा उत्तम होते. दिवसाचा पारा 35 अंशांच्या वर जाऊ लागला आणि रात्रीही उकाडा राहिला की फुले गळतात. कडक उन्हात लाल रंगद्रव्य नीट तयार होत नसल्याने फळे पिवळसर-नारिंगी राहतात, आणि हा दोष पुष्कळदा विनाकारण बियाण्यावर ढकलला जातो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हिवाळा या पिकाला फार मानवतो. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत सप्टेंबरमध्ये रोप टाकावे आणि ते साधारण 25 दिवसांचे झाल्यावर, पावसाचा जोर ओसरला की, ऑक्टोबरमध्ये लावावे. पूर्वेकडील तालुक्यांत जून-जुलैमध्ये रोप टाकले तरी चालते. मात्र काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरू नयेत यासाठी लागवड उंच वरंब्यावर करावी. जानेवारीत रोप टाकून उन्हाळी पीकही घेता येते, पण त्यासाठी वाण वेगळा निवडावा लागतो.

दुसरे काम : आपल्या भागातला मुख्य रोग ओळखणे

माझ्या मते संपूर्ण निवडीत सर्वाधिक वेळ या एका गोष्टीला द्यावा. परडे लहान असते, पिकांची फेरपालट करायला जागा नसते आणि घरच्या भाजीवर वारंवार औषध फवारावे असे कोणालाच वाटत नाही. अशा वेळी वाणाच्या अंगची प्रतिकारशक्ती हाच सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय ठरतो.

ओलसर, आम्लधर्मी तांबड्या मातीत जिवाणूजन्य मर रोगाची भीती मोठी असते. हिरवेगार, फुलांवर आलेले झाड पाने पिवळी न पडताच एक-दोन दिवसांत माना टाकते, आणि पाणी घातले तरी सावरत नाही. खात्री करण्यासाठी त्या झाडाच्या बुडख्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली, तर रोग हाच आहे असे समजावे. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो, तसेच वांगी, मिरची आणि बटाट्यावरही येतो. त्यामुळे ज्या वाफ्यात आधी बटाटा किंवा वांगी होती, तेथे साधा वाण लावणे टाळावे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे अर्का आभा आणि अर्का आलोक हे सरळ (म्हणजे घरचे बी धरून पुन्हा पेरता येणारे) वाण या रोगाला प्रतिकारक आहेत. याच संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे संकरित वाण जिवाणूजन्य मर, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना दाद देत नाहीत. प्रतिकारक म्हणजे रोग कधीच येणार नाही असे मात्र नव्हे. निचरा वाईट असेल तर कोणताही वाण हरतो.

पूर्वेकडील कोरड्या भागात, आणि उन्हाळ्यात सर्वत्रच, मुख्य शत्रू पर्णगुच्छ हा असतो. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. पाने वर वळून लहान होतात, झाड खुरटते आणि फळे जवळजवळ लागतच नाहीत. शेजारी कापूस, तंबाखू किंवा मिरचीचे शेत असेल तर माशीचा उपद्रव अधिक, म्हणून तेथे आणि उन्हाळी लागवडीसाठी पर्णगुच्छाला प्रतिकारक असलेलाच वाण घ्यावा. रोपवाटिकेवर सुरुवातीपासून बारीक जाळी घालावी, कारण कोवळ्या वयात लागण झाली तर नुकसान सर्वाधिक होते.

निपाणी परिसरातील घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. तंबाखूवरील केवडा (मोझॅक) विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हाताला लागून टोमॅटोच्या रोपांवर जातो. विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखू हाताळणाऱ्या माणसाने साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय रोपांना, विशेषतः फुटवे काढताना, स्पर्श करू नये.

थंड, धुक्याच्या आणि ढगाळ दिवसांत उशिरा येणारा करपा अवघ्या काही दिवसांत झाड काळे करतो. येथे वाणाबरोबरच अंतरही उपयोगी पडते : दोन झाडांत किमान 45 सेंटीमीटर आणि दोन ओळींत 60 सेंटीमीटर जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते.

तिसरे काम : जागेप्रमाणे झाडाची ठेवण निवडणे

मर्यादित वाढीचे झाड ठरावीक उंचीवर थांबते आणि फळेही थोड्या काळात एकदम देते. कुंडीसाठी आणि गच्चीसाठी ते सोयीचे. अमर्यादित वाढीचे झाड वेलासारखे वर जात राहते, त्याला माणसाच्या उंचीचा मांडव किंवा काठ्या व सुतळी लागते, पण ते बरेच महिने थोडी थोडी फळे देत राहते. बहुतेक चेरी टोमॅटो या दुसऱ्या प्रकारात मोडतात. कुंडीत लावायचे असेल तर निदान 15 ते 20 लिटर माती मावेल असे भांडे घ्यावे.

चौथे काम : स्वयंपाकघराची गरज पाहणे

आपल्याकडे टोमॅटो मुख्यतः सार, आमटी आणि भाजीच्या आंबटपणासाठी लागतो. त्यासाठी चपट्या गोल, रसाळ, आंबट फळांचे वाण चांगले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी हा जुना वाण यांतलाच. अर्का विकासची फळे साधारण 80 ते 90 ग्रॅमची असतात आणि पाण्याचा थोडाफार ताण तो सोसतो, त्यामुळे अथणी-सौंदत्तीकडे त्याचा अवश्य विचार करावा. लांबट, जाड सालीची, कमी बियांची फळे चटणी आटवायला आणि टिकवायला उत्तम, परंतु पाणी अनियमित झाले की त्यांच्या टोकाला काळा चट्टा पडण्याचे प्रमाण अधिक असते. पातळ सालीची रसाळ फळे अवकाळी पावसाने तडकतात, म्हणून ती थोडी अगोदरच, रंग चढू लागताच, तोडावीत. हिरव्या टोमॅटोच्या चटणीसाठी वेगळा वाण लागत नाही. हंगामाच्या शेवटी झाडावर उरलेली फळे त्यासाठी पुरतात.

पाचवे काम : सरळ वाण की संकरित, आणि बियाणे कोठून

रोगाचा त्रास मोठा असेल तर संकरित वाण घ्यावा, पण त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी पेरू नये, कारण पुढची पिढी एकसारखी निघत नाही. सरळ वाणाचे बी घरी धरता येते, कारण टोमॅटोत बहुतांशी स्वपरागीभवन होते. निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्यावा, मग स्वच्छ धुऊन बी सावलीत वाळवावे.

पाकीट विकत घेताना चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणशक्ती वाचावी. प्रमाणित टोमॅटो बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. तारीख खोडलेले किंवा वर दुसरा कागद चिकटवलेले पाकीट घेऊ नये. अर्का वाणांचे बियाणे बंगळूरच्या संस्थेच्या सीड पोर्टलवरून मागवता येते. आपल्या तालुक्यात कोणत्या रोगाचा जोर आहे हे विचारण्यासाठी होबळीचे रयत संपर्क केंद्र, बैलहोंगल तालुक्यातील मत्तिकोप्प किंवा गोकाककडील तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्र, तसेच अरभावीचे बागायती महाविद्यालय ही जवळची ठिकाणे आहेत.

पहिल्या वर्षी एकाच वाणाची सर्व झाडे लावू नयेत. चौघांच्या घराला सहा-आठ झाडे पुष्कळ होतात; त्यांत दोन किंवा तीन वाण ठेवावेत, त्यांपैकी एक तरी रोगप्रतिकारक असावा. प्रत्येक झाडाजवळ नावाची पट्टी रोवावी आणि पहिले फळ कधी आले, कोणते झाड कशाने गेले, फळे किती दिवस टिकली एवढे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात बियाणे घेताना दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.