बायोचार आधी मुरवा, मगच कुंडीत घाला

कुंडीतल्या मातीत बायोचार, म्हणजे मातीसाठी कुटून बारीक केलेला कोळसा, मिसळायचा असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीलाच कामाला लागा, म्हणजे मृगाच्या आधी तो तयार होईल. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ग्रिलमधल्या कुंडीत घातलेलं खत त्या दिवसांत तळाच्या भोकातून वाहून जातं. त्यातून आपली कोकणातली लाल माती आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला कमजोर. बायोचारचा उपयोग होतो तो अशाच मातीला. मुळातच कसदार मातीत त्याने फारसा फरक पडत नाही.

कोळसा विकतच आणा, करवंटीचा किंवा साधा लाकडी. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसाही चालतो. दगडी कोळसा आणि बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या मात्र नकोत. तुकडा बोटांवर घासून हात नुसत्या पाण्याने धुऊन पाहा. डाग साबणाशिवाय निघत नसेल तर कोळशात डांबरासारखा चिकट अंश उरलेला आहे, तो परत करा. घरी जाळायच्या फंदात पडू नका. शहरात उघड्यावर जाळायला बंदी आहे आणि सोसायटीच्या गच्चीवर धूर करणं म्हणजे शेजारच्या दमेकऱ्यांचा जीव घुसमटवणं.

कोळशावर पाणी शिंपडा, गोणीत घाला, मास्क लावा आणि रवा ते हरभऱ्याची डाळ एवढा बारीक होईपर्यंत कुटा.

आता मुरवणं. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात आणि मग बायोचारला नावं ठेवतात. पहिल्या वर्षी मीही कोरडी पूड थेट दहा कुंड्यांत मिसळली होती, कारण ज्याला विचारावं तो ‘सरळ घाला, काही होत नाही’ असंच सांगत होता. पंधरा दिवसांत पालक पिवळा पडला, मिरचीची वाढ थांबली. मी पाणी कमी करून पाहिलं, कुंड्या उन्हात हलवल्या, शेवटी सगळं उपटून टाकलं. दोष रोपांचा नव्हताच. कोळशाला छिद्रंच छिद्रं असतात, एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. ही छिद्रं रिकामी असली की मातीतला अमोनियाच्या रूपातला नत्र ती स्वतःकडे ओढून घेतात. कोळशातल्या सहज पचणाऱ्या अंशावर जगणारे जिवाणूही तोच नत्र वापरतात. शिवाय राखेमुळे माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह मिळेनासं होतं. मग रोपाने खायचं काय?

म्हणून पूड रात्रभर भिजवा आणि वरचं राखेचं पाणी ओतून द्या. मग जेवढी पूड तेवढंच गांडूळखत घ्या आणि दोन्ही जीवामृताने ओलवा. जीवामृतासाठी १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत (झाडाखालची, रसायनं न पडलेली) माती, एवढं प्रमाण पुरे. हे जीवामृत वापरण्याआधी दोन दिवस सावलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ ढवळा. ओलवलेलं पूड-खताचं मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, जास्त नाही. भोकं पाडलेल्या बादलीत भरा, वर ओलं गोणपाट टाका आणि आठवड्यातून दोनदा वरखाली करा. घट्ट झाकण लावू नका. हवा कोंडली की ते सडतं.

हे चार आठवडे चालू द्या. घाई करणाऱ्यांचं मी ऐकत नाही. कुणी युरियाच्या पाण्यात एक रात्र बुडवायला सांगतात. त्याने छिद्रं भरतील, पण आत वस्ती होणार नाही, आणि आपल्याला हवी आहे ती वस्तीच. जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचे असतात. ते छिद्रांत घर करतात, तर त्यांना खाणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म, दोऱ्यासारखे किडे) अगदी बारीक छिद्रांत शिरू शकत नाहीत. बुरशीचे तंतू आत पसरतात. दोन पाण्यांच्या मधे माती सुकली तरी आत ओल टिकते. आंबूस किंवा अमोनियाचा वास येत असेल तर अजून थांबा. पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास आला की झालं.

नऊ भाग मातीत एक भाग मिश्रण नीट कालवा. नुसतं वर पसरलं तर पावसात तरंगून जातं. आम्लधर्मी माती मागणाऱ्या अनंताच्या कुंडीत हे घालू नका. मेथी, चवळी, वाल अवश्य लावा. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना ही माती बहुधा मानवते.

पुढच्या वर्षी पुन्हा कोळसा नको, नुसतं खत द्या. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात हजार-दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांच्या हातून कोळसा पडून तयार झालेली काळी माती आजही सुपीक आहे. तेव्हा कुंडी बदलताना जुनी माती कचऱ्यात टाकू नका, मुळं झटकून तीच नव्या कुंडीत भरा.