पल्सविना प्रतिमा: धातूवरचा एकेक रेणू हलवू पाहणाऱ्या नवागतांसाठी

एसटीएमच्या (बारीक टोक पृष्ठभागाजवळून फिरवून अणू-रेणूंची प्रतिमा देणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) टोकाने एकच रेणू हव्या त्या दिशेला नेण्याच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांनी मी गमावलेले पाच महिने गमावू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. अतिनिर्वात कक्ष आणि ५ केल्व्हिनच्या आसपासचे तापमान यांची ओळख तुम्हाला असेलच.

तांब्याच्या (१११), म्हणजे ठरावीक दिशेने कापलेल्या, पृष्ठभागावरील रेणूला मी ०.४ व्होल्टचा पल्स (क्षणभराचे व्होल्टेज) देत असे आणि पुढच्या प्रतिमेत तो सरकलेला दिसला की टनेलिंग इलेक्ट्रॉनांनी (टोक आणि पृष्ठभाग यांच्यातील फट ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी) त्याची कंपने चेतवून उडी घडवली, अशी नोंद करत असे. प्रत्यक्षात बऱ्याच उड्या प्रतिमा घेतानाच होत होत्या. बारकावे स्पष्ट दिसावेत म्हणून मी प्रवाह तोच ठेवून बायस (टोक आणि पृष्ठभाग यांच्यातील व्होल्टेज) १ व्होल्टवरून १० मिलिव्होल्टवर आणत असे. टोक आणि पृष्ठभाग यांच्यातील अंतर १ अँगस्ट्रॉमने (मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाने) घटले की प्रवाह सुमारे दहापट होतो. त्यामुळे बायस शंभरपट कमी झाल्यावर प्रवाह टिकवण्यासाठी फीडबॅक (टोकाची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा) टोकाला जवळजवळ २ अँगस्ट्रॉम खाली उतरवतो. इतक्या जवळून फिरणारे टोक सैल बसलेल्या रेणूला स्वतःच ओढते किंवा ढकलते. १९९० साली आयग्लर आणि श्वाइझर यांनी निकेलवर झेनॉनचे ३५ अणू टोक असेच जवळ नेऊन रचले होते, हे मला पाठ होते. तेच बळ माझ्या साध्या प्रतिमेतही काम करत असेल, हे मात्र सुचले नाही.

म्हणून प्रत्येक मोजणीची जोडी घ्या: तोच बायस, तोच प्रवाह, रेणूवर टोक तेवढाच वेळ थांबलेले, फक्त पल्स नाही. त्यातही रेणू हलला, तर आधीच्या नोंदी निःसंकोच बाजूला ठेवा. फीडबॅक बंद असताना व्होल्टेज वाढवले की प्रवाहही वाढतो, हेही विसरू नका; उडीसाठी लागणारे किमान व्होल्टेज शोधताना टोकाची उंची बदलून प्रवाह सारखा राखावा लागतो.

शेकडो पल्स आपोआप देणारी तयार स्क्रिप्ट पहिल्या वर्षी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ती हातात देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘पल्स नसलेली प्रतिमा कुठे आहे?’ असे विचारणारा मार्गदर्शक मोलाचा. मला तो उशिरा भेटला.

रेणू टोकाला चिकटणे, टोक मध्येच बदलणे, ते स्वच्छ धातूत हलके टेकवून पुन्हा घडवावे लागणे, हे सर्वांच्याच वाट्याला येते, त्याने खचू नका. फेरमोजणीत माझ्या उड्या कमी भरल्या, पण किमान व्होल्टेज प्रथमच प्रत्येक रेणूसाठी जवळपास सारखे आले.